बंद वाडीतला पातेरा आणि जुन्या फांद्या: कुठून सुरुवात करायची, काय कुठे लावायचं

आधी काडेपेटी घरात ठेवा.

कोकणातलं घर पाच-सात वर्षं बंद राहिलं, किंवा कुणी नवी वाडी विकत घेतली, की पहिल्या फेरीत ठरलेलं चित्र दिसतं. माडांखाली झावळ्यांचे थर, कलमांखाली घोट्यापर्यंत पातेरा (गळून वाळलेला पाला), कुणीतरी कधीतरी तोडून गडग्याला (हद्दीच्या दगडी बांधाला) टेकवलेल्या आंब्याच्या फांद्या आणि त्या सगळ्यावर चढलेल्या वेली. बघूनच हातपाय गळतात. मग शेजारून सल्ला येतो, "पेटवून द्या, एका दुपारात मोकळं होईल." मोकळं होतं हे खरं. पण त्या दुपारी पाच-सात वर्षांचं खत धूर होऊन जातं, माडाची वरवरची मुळं भाजतात, कलमांच्या साली तडकतात. फेब्रुवारीनंतरचा वारा असला तर आग गडगा ओलांडून दुसऱ्याच्या काजूत शिरते. दर उन्हाळ्यात कोकणात वणव्याने बागा जातात, आणि सगळेच वणवे डोंगरावर सुरू होत नाहीत.

वाडीतला बहुतेक कचरा वाडीतच जिरतो. बाहेर न्यावं लागतं ते थोडं आणि जाळावं लागतं ते त्याहून थोडं. फक्त काम क्रमाने करायला हवं, आणि पहिल्याच आठवड्यात सगळं चकाचक दिसलं पाहिजे हा हट्ट सोडायला हवा.

कधी, आणि कुणाला विचारून

दिवाळीनंतर जमीन सुकली की सुरुवात करा आणि जड काम होळीच्या आत संपवा. पुढे ऊन वाढतं, गावातली माणसं आंबा-काजूत गुंततात आणि कामाला कुणी मिळत नाही. रानमोडी (झपाट्याने पसरणारं तण) माजली असेल तर ती आधी घ्या. थंडीत तिला फुलं येतात आणि मग तिचं बी वाऱ्यावर सगळ्या वाडीत पसरतं. बी धरण्याआधी कापलेली रानमोडी खताला उत्तम, बी धरल्यावर कापली तर तिला हात लावाल तिथे पुढच्या वर्षी ती उगवणार.

कोयता उचलण्याआधी सातबारा काढून बघा. कोकणातल्या जुन्या वाड्या बहुधा सामाईक असतात. कागदावर चार चुलत्यांची नावं, प्रत्यक्षात फणस एकाच्या वाट्याचा आणि माड दुसऱ्याच्या, असा तोंडी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चाललेला असतो. पडलेला पातेरा उचलण्यावर कुणाची हरकत नसते, पण उभ्या झाडाची फांदी तोडली की जुनी भांडणं वर येतात. हिस्सेदारांना फोन करा, शेजाऱ्याला हद्दीवर बोलवा, गडगा कुठून कुठे जातो ते दोघांनी मिळून बघा.

उभं झाड तोडायचं असेल तर नियमही पाळायचे आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, हिरडा, साग ही झाडं आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी त्यातलं झाड पाडायला परवानगी लागते. झाड वाळलेलं दिसत असलं तरी विचारूनच हात लावा. नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असाल तर तिथे झाडांसाठी 1975 चा वेगळा कायदा आहे, तेव्हा चौकशी त्या कार्यालयात करा.

अंगावर काय, हातात काय

गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर साधा का होईना चष्मा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, कारण जुन्या ढिगात फुटक्या बाटल्या आणि गंजके खिळे हमखास निघतात. हत्यारं फार लागत नाहीत: धारदार कोयता, लांब काठीला बांधलेली आकडी, कुऱ्हाड, लोखंडी दाताळं, पहार, चार घमेली, दोन हारे आणि भरपूर दोरी. यंत्रावरची करवत स्वतः विकत घेऊन त्याच दिवशी चालवायला शिकू नका. ती चालवणारा माणूस हत्यारासकट रोजावर मिळतो.

ढीग उघडताना

नवख्या माणसाचा खरा धोका इथे आहे, म्हणून हे सविस्तर सांगते.

जुना ढीग म्हणजे उंदरांचं घर, आणि उंदीर आहेत तिथे त्यांच्यामागे येणारेही असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप कोकणात आहेत. त्यातलं फुरसं आकाराने लहान आणि रंगाने थेट वाळक्या पातेऱ्यासारखं, त्यामुळे ते दिसत नाही. आदल्या संध्याकाळी ढिगाभोवतीची चार-पाच फूट जागा साफ करून ठेवा, म्हणजे आतून काही निघालं तर दिसेल. सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर काठीने ढिगावर आणि जमिनीवर आपटा, थोडं थांबा, पुन्हा आपटा. गडग्याच्या किंवा रानाच्या बाजूची वाट मोकळी सोडा आणि तुम्ही घराच्या बाजूला उभे राहा. निघून जायला वाट मिळाली तर साप सहसा निघून जातो.

मग वरून सुरुवात करा. दाताळ्याने एकेक थर आपल्याकडे ओढायचा, त्यात काय आहे ते उन्हात बघायचं आणि मगच उचलायचा. ढिगाखाली हात घालून मोठा भारा कवेत उचलणं ही सगळ्यात वाईट पद्धत. माडाची झावळ उचलायची तर आधी टोक धरून फरफटत दोन हात ओढा, तिच्या खालची जमीन दिसू द्या. दगड आणि चिरे पहारेने उलटवा, विंचू तिथे असतात.

साप चावलाच तर माणसाला शांत बसवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठी-पैंजण काढा, 108 ला फोन करा आणि थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. या चारही सापांवर चालणारी लस सरकारी रुग्णालयांतून दिली जाते. विंचवाच्या दंशालाही घरगुती उपायांवर वेळ घालवू नका. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात माणसं, विशेषतः मुलं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि चित्र बदललं. मात्र ती गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते, म्हणून वेळेवर पोचणं महत्त्वाचं.

दोडामार्ग, सावंतवाडी या भागात वाडी असेल तर आणखी एक काळजी. 2016 पासून तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिडीमुळे पसरतो, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे म्हणजे नेमका आपल्या साफसफाईचाच. रानाला लागून असलेल्या बागेतला पातेरा घराच्या भिंतीशी आणून रचू नका. कामाला जाताना गोचीडरोधक तेल हातापायांना लावा, परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळ करताना काखा, गुडघ्यामागची जागा, कानामागची जागा तपासा. पुढच्या आठवड्याभरात ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन "मी बागेत काम केलं होतं" हे आवर्जून सांगा. बागेत मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता केंद्रात आणि वनखात्याला कळवा.

दोन वनस्पतींपासूनही जपा. खाजकुइलीच्या तपकिरी मखमली शेंगांची लव अंगाला लागली तर तासन्‌तास आग होते. तिचा वेल वाळलेला दिसला तर पहाटे दव असताना, वारा पाठीमागून घेऊन, बुडाशी कापा. अंगाला लव लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टीने अलगद ओढून काढा. दुसरा बिब्बा. त्याचा चीक अंगावर उततो आणि त्याचा धूरही बाधतो. बिब्ब्याच्या फांद्या वेगळ्या काढून एका कोपऱ्यात कुजायला सोडा, चुलीत तर मुळीच नको.

उपसलेला माल लावायचा कसा

ढीग उपसतानाच वाटणी करत चला. सगळं एकदा काढून मग निवडू म्हणालात तर दुप्पट काम होतं. जागा आधी ठरवून ठेवा: मनगटाहून जाड लाकूड एकीकडे, बोटाएवढ्या काटक्या दुसरीकडे, पाला-पातेरा खताच्या जागेजवळ, माडा-पोफळीचा माल वेगळा, आणि कीडरोगाचं सगळं एकदम बाजूला. प्लास्टिक, काच, तारा, जुन्या औषधांचे डबे यांच्यासाठी पोती बांधून ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा डबा दिसला तर उघडून वास घेत बसू नका, हातमोज्यानेच पोत्यात टाका.

जाड लाकडाचे दीड-दोन फुटांचे तुकडे करा. खाली चिरे मांडून, त्यावर दोन बल्ल्या टाकून, जमिनीपासून वीतभर उंच आणि घराच्या भिंतीपासून दूर रचा. जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवी धरतं आणि भिंतीला टेकलेलं लाकूड ती वाळवी घरात आणतं. मृगापूर्वी वर ताडपत्री किंवा झाप (झावळ्यांची विणलेली चटई) टाकला की आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी झाली. गावात चूल आणि आंघोळीच्या पाण्याची भट्टी अजून रोज पेटते. तुम्हाला नको असेल तर शेजारी आनंदाने नेतील.

काटक्यांचा सगळ्यात चांगला उपयोग वईसाठी, म्हणजे कुंपणासाठी. गडग्यावर किंवा मेढींच्या (रोवलेल्या खांबांच्या) मध्ये काटेरी डहाळ्या आडव्या गुंफल्या की एक-दोन वर्षं गुरं आत येत नाहीत. उरलेल्या काटक्या खताच्या ढिगाच्या तळाला लागतात. गावात बचत गटाकडे किंवा एखाद्या बागायतदाराकडे फांद्या बारीक करायचं यंत्र असेल तर एक दिवस भाड्याने आणा, काटक्यांचा भुसा कलमांच्या आळ्यात फार छान बसतो.

माडाचा माल

माड वर्षाला साधारण डझनभर झावळ्या टाकतो. म्हणजे वीस माडांच्या वाडीत पाच वर्षांत हजाराच्या वर झावळ्या पडतात. त्यांचा हिशोब आधी लागला तर अर्धी वाडी साफ झाली.

प्रत्येक झावळीचे तीन भाग करा. बुडाचा रुंद, जाड भाग कोयत्याने तोडून वाळवायचा, तो जळण. पात्यांतले हीर (मधल्या कडक काड्या) काढून खराटे होतात. उरलेली पाती आणि दांडा हात-हातभर तोडून आळ्यात आच्छादनाला. चांगल्या, न कुजलेल्या झावळ्या असतील तर त्या चार-सहा दिवस पाण्यात भिजवून झाप विणून घ्या, लाकडाच्या आणि खताच्या ढिगावर घालायला उपयोगी पडतात. विणणारी माणसं गावात अजून आहेत, त्यांना मजुरी द्या आणि जमलं तर त्यांच्या शेजारी बसून शिका.

सोडणं, म्हणजे नारळाची सोललेली सालं, माडाच्या आळ्यात घाला. खोडापासून हातभर जागा सोडून, बाहेरची फुगीर बाजू वर ठेवून, जवळ-जवळ मांडा. पालथी सोडणं ओल जमिनीत धरून ठेवतात आणि त्यांत पाणी साचत नाही, म्हणजे डासही होत नाहीत. करवंट्या आणि वाळलेल्या पोयी (फुलोऱ्याची होडीसारखी आवरणं) उताण्या पडू देऊ नका, पावसाळ्यात डेंग्यूचे डास अशाच वाटीभर पाण्यात होतात. पोफळीच्या विऱ्या (पानाच्या बुडाची रुंद आवरणं) धुऊन वाळवल्या तर पत्रावळी-द्रोणाला जातात. पोफळीखाली काळ्या पडून गळलेल्या सुपाऱ्या असतील तर तो कोळेरोग असू शकतो. त्या वेचून वाडीबाहेर काढा, खतात घालू नका.

आता महत्त्वाचं. पडलेलं माडाचं खोड तसंच कुजू देऊ नका. गेंड्या भुंगा अशा कुजक्या खोडात आणि जुन्या शेणखतात अंडी घालतो. तिथे वाढलेले भुंगे मग उभ्या माडांचे कोवळे कोंब कुरतडतात. झावळी उलगडल्यावर कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसली तर भुंगा येऊन गेला आहे असं समजा. खोड चांगलं असेल तर चिरून रिपा काढा, पोकळ झालं असेल तर तुकडे करा, फोडा, वाळवा आणि जळणाला लावा. फोडताना आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघतील. त्या कोंबड्यांपुढे टाका, एकही उरत नाही. खताच्या ढिगात त्या वारंवार सापडत असतील तर कृषी विभागाकडून किंवा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून मेटारायझियम ही हिरवी बुरशी मिळते का ते विचारा. ती अळीला मारते आणि खताला बाधत नाही.

पातेऱ्याचं खत

आंब्याचं आणि काजूचं पान जाड, मेणचट असतं. नुसता ढीग करून ठेवला तर दोन वर्षांनीही वरचं पान ओळखू येतं. त्याला तीन गोष्टी कमी पडतात: ओल, हवा आणि नत्र. वाळक्या पाल्यात नत्राच्या मानाने कर्ब फार असतो. चांगलं कुजायला कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 25 ते 30 ला 1 लागतं, वाळक्या पानांत ते 50 च्या पुढे असतं. ती तूट शेण, हिरवं गवत, गिरिपुष्पाचा पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा भरून काढतात.

घाटावर खड्डा चालतो, इथे नको. कोकणातल्या पावसात खड्ड्याची विहीर होते आणि खत सडून वास मारतं. उंचवट्यावर, सावलीत, जमिनीच्या वर ढीग लावा. लांबी-रुंदी किमान तीन-तीन फूट हवी, त्याहून लहान ढीग तापत नाही. चिरे असतील तर फटी ठेवून तीन फूट उंच चौकट रचा. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली नाडेप टाकी याच विचाराची: दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, भिंतीला हवेसाठी भोकं, आणि शेण कमी, काडीकचरा जास्त. मोठी वाडी असेल तर थेट तीच बांधा.

तळाला वीतभर काटक्या. त्यावर वीतभर पातेरा, पायाने चांगला तुडवून. त्यावर चार बोटं हिरवा पाला. मग घमेलंभर शेण बादलीभर पाण्यात कालवून तो काला सगळीकडे शिंपडा आणि वर मूठ-मूठ माती भुरभुरा. असेच थर कमरेपर्यंत आणा. पातेरा आधी रात्रभर भिजवून ठेवला तर काम निम्मं सोपं होतं, कारण कोरड्या पानावरून पाणी नुसतं ओघळून जातं.

दोन-चार दिवसांनी ढिगात पहार खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि ओढून टोकाला हात लावा. चटका बसला म्हणजे ढीग चालू आहे. आत 55 ते 65 अंश उष्णता आली की तणांचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरतात. पहार गार निघाली तर एकतर ओल कमी आहे किंवा शेण कमी पडलंय. ओल बघायला आतला मूठभर माल पिळा: एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. तीन आठवड्यांनी ढीग उलटा, बाहेरचा माल आत घाला. पुन्हा तीन आठवड्यांनी एकदा. डिसेंबरात लावलेला ढीग दर पंधरवड्याला पाणी मिळालं तर मेअखेर काळा, भुसभुशीत, मातीच्या वासाचा होतो. पानांचे काही तुकडे उरले तर चाळून पुढच्या ढिगात टाका.

सगळ्या पातेऱ्याचं खत करायचा अट्टहास नको. निम्मा तर कलमांच्या आळ्यातच पसरा, चार-सहा बोटांचा थर, खोडाला न टेकवता. खोडाला चिकटलेला थर वाळवी आणि बुरशी दोन्ही आणतो.

काय जाळायचं, आणि कसं

भिरूड (लाकूड पोखरणारी अळी) लागलेली आंब्याची फांदी, रोठा (काजूची खोडकीड) लागलेलं काजूचं खोड: फक्त एवढंच. फांदीला भोकं, भोकांतून बाहेर आलेला लाकडाचा भुसा, डिंक गळलेला, ही त्याची खूण. असं लाकूड रचून पावसाळ्यापर्यंत ठेवलं तर आतले भुंगेरे पावसाच्या तोंडाशी बाहेर पडून शेजारच्या झाडांवर जातात. ते मार्च-एप्रिलमध्येच आंघोळीच्या भट्टीत किंवा चुलीत संपवा. उघड्यावर होळी करायची गरजच पडत नाही. कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर बंदी घातली आणि दंडही ठरवला: साध्या जाळण्याला 5 हजार, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25 हजार रुपये.

भातशेती असलेल्यांच्या मनात इथे भाजावळ येईल. तरव्याच्या (भाताच्या रोपांच्या) जागी पाला-शेण भाजणं ही जुनी शेतीची रीत आहे, तिची चर्चा वेगळी. वाडी साफ करायला आग लावणं ही ती रीत नव्हे.

जिवंत झाडावरची वाळकी फांदी काढताना आधी खालून एक-तृतीयांश काप द्या, मग थोडं बाहेरून वरून कापा, म्हणजे फांदी मोडताना खोडाची साल सोलून नेत नाही. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या बुडाचा फुगवटा शाबूत ठेवून, साफ कापा. घावावर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. विजेच्या तारेजवळची फांदी महावितरणला कळवून, प्रवाह बंद झाल्यावरच. उंच माडावरचं काम नेहमी चढणारा माणूसच करेल.

बाहेर जायचं ते

प्लास्टिक, काच आणि डब्यांची पोती ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या गाडीत, वेगवेगळी बांधून. शहरी हद्दीत बागेचा कचरा कधी आणि कुठे घेतात ते तिथे विचारा. तो घरच्या कचऱ्यात न मिसळता आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा असतो, हा घनकचरा नियमांतलाच दंडक. वहाळात किंवा पाणंदीच्या कडेला ढकललेला पाला पहिल्या मोठ्या पावसात मोरीत अडकतो आणि पाणी कुणाच्या तरी खळ्यात शिरतं. लाकूड टेम्पोत भरून गावाबाहेर न्यायचं असेल तर वाहतूक परवाना लागेल का हे वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारा, वाटेत नाक्यावर अडवल्यावर नव्हे. आणि खत-आच्छादन करूनही पातेरा उरला तर गोठा असलेल्या शेजाऱ्याला द्या. गुरांखाली पसरायला त्याला तो पावसाळाभर लागतो, आणि पुढच्या ढिगाचं शेण त्याच्याचकडून यायचं असतं.